छातीवरचा रडार सेन्सर: आधी पट्टा, मग कोड

प्रोजेक्टला येणारी पोरं आल्या आल्या लॅपटॉप उघडतात. मी म्हणतो, आधी पट्टा नीट बांधा. हा सेन्सर छातीवर रडारच्या लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींवरून हृदयाचा ठोका आणि श्वास मोजतो. ठोक्याने छातीची त्वचा मिलिमीटरच्या अंशाने हलते, श्वासाने काही मिलिमीटर. पट्टा सैल असेल तर त्याचीच थरथर ठोक्याला गिळते. सेन्सर छातीच्या मधल्या हाडाच्या जरा डावीकडे ठेवा. सुती सदरा चालतो, घामाने भिजलेला नाही. पाणी या लहरी शोषतं. मंगळसूत्र, चेन बाजूला सरकवा, धातू जोरात परावर्तन करतो.

आता माणसाला गप्प बसवा. ६० गिगाहर्ट्‌झला तरंगलांबी ५ मिलिमीटर, आणि लहर जाऊन परत येते, म्हणजे छाती अडीच मिलिमीटर हलली की फेजचा (परतलेली लहर चक्रात कुठे आहे त्याचा) फेरा पूर्ण आणि मोजणी पुन्हा शून्यावरून. त्यामुळे आधी अनरॅप (तुटलेले फेरे सलग जोडा), मग फिल्टर (हवी तेवढीच वारंवारता ठेवा): श्वासाला ०.१ ते ०.५ हर्ट्‌झ, ठोक्याला ०.८ ते २.

खरी गंमत पुढे आहे. मिनिटाला १८ श्वास असले तर त्याचा चौथा हार्मोनिक (चौपट वारंवारतेचं पिल्लू) बरोब्बर ७२ वर येतो, तोच ठोका वाटतो आणि पोरं खूश! श्वास थोडा वेळ रोखायला सांगा. आलेखातलं ७२ वरचं शिखर गायब झालं, तर तो ठोका नव्हताच. शिवाय मनगटावर नाडी मोजाच, फुकट असते.

चालतानाचे आकडे सरळ टाकून द्या. कुठला भाग टाकायचा ते सोबतच्या, हालचाल मोजणाऱ्या अॅक्सेलरोमीटरवरून कळतं.