सिंबल ट्रिगर घेताना आधी कड दाबून बघा

सिंबल ट्रिगर म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम्समध्ये झांजेच्या जागी असणारा रबरी पॅड. माझा पहिला सेकंडहँड क्रॅश (जोरकस फटक्याची झांज) पॅड मी पृष्ठभागावर चार काठ्या मारून घेतला होता. आवाज छान आला, पैसे दिले. घरी आल्यावर कळलं की उजव्या बाजूची वीतभर कड मुकी आहे.

त्यातून शिकलो ते हे. पृष्ठभागाखाली पिएझो असतो, कंपनं पकडणारी चकती. तो सहसा दगा देत नाही. बिघडते ती कड, कारण रबराखाली दाबाचा पातळ स्विच असतो आणि सगळा मार तोच खातो. म्हणून कडेवर बोटाबोटाच्या अंतरावर हलकेच काठी मारत जा. मग त्याच जागा चिमटीत धरून आवाज लगेच तुटतो का ते पाहा. यालाच चोक म्हणतात. काही पॅडमध्ये वादकासमोरच्या अर्ध्या भागातच स्विच असतो, तो दोष नव्हे. पण मग पॅड फिरू न देणारा स्टॉपर सोबत आहे ना, हे विचाराच.

मॉड्यूल, म्हणजे पॅडच्या फटक्यांचे आवाज काढणारी पेटी, हाताशी नसेल तर मल्टिमीटर (दोन टोकं जोडलेली असली की बीप देणारा मीटर) न्या. पॅडला स्टिरिओ केबल लावा, केबलच्या मोकळ्या टोकाच्या पिनेवर मधलं कडं आणि मुळाकडचा भाग यांवर मीटरच्या तारा टेकवा आणि कड दाबा. रोलँड कंपनीच्या पद्धतीच्या पॅडवर बीप यायला हवा, सोडल्यावर थांबायला हवा. न दाबताच बीप वाजत राहिला तर पॅड तिथेच ठेवा. मात्र केबल मोनो निघाली तर तिची पिन हे दोन्ही भाग आपोआप जोडते आणि चांगला पॅडही बिघडलेला वाटतो. या चुकीपायी मी एक पॅड जवळजवळ परत केला होता!

राइडची, म्हणजे ताल धरायच्या मोठ्या झांजेची, गोष्ट वेगळी. रोलँडच्या जुन्या तीन झोनच्या (बो म्हणजे पृष्ठभाग, कड आणि बेल म्हणजे मधला घुमट) राइडला बेलसाठी दुसरा जॅक लागतो. यामाहा कंपनी कड आणि बेल वेगवेगळ्या रेझिस्टन्सवरून ओळखून एकाच केबलवर भागवते. त्यामुळे यामाहाचा राइड रोलँडच्या मॉड्यूलला लावला, तर बो वाजेल, बेलचा भरवसा धरू नका. यूएसबीने जोडायचे डिजिटल राइड तर ठरावीक मॉड्यूलवरच चालतात.

शेवटी वाजवता वाजवता जॅकमधली पिन हलवा. खरखर आली तर सॉकेट सैल आहे. सोल्डरिंग येत असेल तर भाव पाडून घ्या. एका फटक्याला दोन आवाज येत असतील तर मात्र पॅड नाकारायची घाई नको. आधी मॉड्यूलमधला रिट्रिगर कॅन्सल (दुबार आवाज रोखणारी सेटिंग) थोडा वाढवून बघा.