स्पेसर लावलेल्या अलॉयला लॉकिंग बोल्ट: माझा अनुभव

माझ्या पोलो गाडीला बाहेरून घेतलेले अलॉय (मिश्रधातूची चाकं) आणि १५ मिमीचे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) लावल्यावर कंपनीचे लॉकिंग बोल्ट, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून खास चावीनेच उघडणारे बोल्ट, आखूड पडू लागले. थोड्याच आट्यांवर घट्ट. साताऱ्यात पोवई नाक्याजवळून लांब बोल्ट आणले, तर त्यांची बैठक (बोल्टचा चाकाला टेकणारा भाग) गोल आणि अलॉयच्या भोकाची शंकूसारखी. बोल्ट नुसता रेघभर टेकायचा. असा बोल्ट चालत्या गाडीत सैल होतो. शोधून डोकं उठलं.

शेवटी जमलं ते असं. जुन्या बोल्टची दांडी बैठकीखालून मोजली: २७ मिमी. त्यात स्पेसरचे १५, म्हणजे ४२. आटे एम१४ × १.५ (१४ मिमी जाडी, दोन आट्यांत १.५ मिमी अंतर), बैठक ६० अंशांची शंकू. लॉकिंगची चावी अलॉयच्या भोकात शिरते का, तेही मापून मगच ऑर्डर दिली.

हब, म्हणजे चाक जिथे बसतं तो भाग, तारेच्या ब्रशने लख्ख घासला. बोल्ट हातानेच फिरवले. आठ पूर्ण आटे बसायलाच हवेत. चाक जॅकवर असतानाच फिरवून आत टोक घासत नाही ना, ते पाहिलं. मग आलटून-पालटून समोरासमोरचे बोल्ट आवळत टॉर्क (आवळण्याचा जोर) १२० न्यूटन मीटर. कराडला जाऊन आल्यावर टॉर्क पुन्हा तपासला.

लॉकिंग बोल्टला गॅरेजवाल्यांना गन (बोल्ट झटक्याने फिरवणारं यंत्र) मात्र लावू देऊ नका, चावीच्या खाचा जातात.