गेलस्कॉलच्या पक्क्या इमारतीचा पाठपुरावा कसा करायचा

माझी मुलगी डब्लिनजवळच्या एका गेलस्कॉलमध्ये, म्हणजे आयरिश माध्यमाच्या प्राथमिक शाळेत जाते. यंदा ती सहावीत, शेवटच्या वर्गात आहे. शिशुवर्गाची दोन धरून आठही वर्षं प्रीफॅबमध्ये, म्हणजे तयार भाग जोडून उभारलेल्या तात्पुरत्या वर्गांत गेली, एका खेळाच्या क्लबच्या आवारात. मी स्वतः सांगलीत मराठी शाळेत शिकले, त्यामुळे भाषेच्या शाळेची ओढ आधीपासूनच होती. पण इमारतीचं महत्त्व मला कळलं ते एका पावसाळी सकाळी. छोट्या वर्गातली मुलगी हात वर करून म्हणत होती, "अन विल क्याद अगम दुल गो जी अन लेह्रस?" बाथरूमला जाऊ का, एवढंच. छतावर पाऊस असा आदळत होता की तीनदा विचारूनही बाईंना ऐकू गेलं नाही. ज्या वयात भाषा नुसती कानानं शिकायची, त्या वयात हे चालत नाही.

नव्या पालकांना पहिलं सांगणं: "इमारत कधी होणार?" असं विचारू नका. "प्रक्रिया सुरू आहे" हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी फाइल नेमकी कुठे आहे ते विचारा.

आधी जागा. जमीन हातात आली आहे का, की नुसती बोलणी चालू आहेत? शाळांच्या बांधकामाचं काम शिक्षण खात्याच्या टलमोरच्या कार्यालयातून चालतं, पण जागा शोधायला आणि घ्यायला 2012च्या करारानुसार स्थानिक कौन्सिल मदत करते. म्हणून दोन्हीकडे विचारायचं. कौन्सिलच्या विकास आराखड्यात ती जमीन शाळेसाठी राखली आहे का, हे नकाशावर स्वतः बघा.

जागा पक्की झाली की टप्पे सुरू होतात. 1 म्हणजे प्राथमिक आराखडा, 2अ म्हणजे सविस्तर आराखडा. 2ब मध्ये बांधकाम परवानगी, अग्निसुरक्षेचा दाखला, अपंगांसाठीच्या सोयींचा दाखला आणि टेंडरची कागदपत्रं येतात. 3 टेंडर, 4 बांधकाम, 5 हस्तांतरण आणि शेवटचा हिशेब. माझ्या वहीत एक पान असं आहे: "14 मार्च, फोन, 2ब." खाली, "9 मे, फोन, 2अ." दोन महिन्यांत फाइल मागे गेली होती, आणि कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. लेखी विचारल्यावर कळलं की आराखडा करणारे बदलले होते. तेव्हापासून माझा नियम एकच: फोन झाला की त्याच दिवशी ईमेल, "आज आपण असं सांगितलंत, बरोबर ना?"

तेवढ्यानं उत्तर आलं नाही तर आपल्या टीडीला, म्हणजे आयरिश संसदेतल्या आपल्या खासदाराला, त्यांच्या मतदारसंघातल्या कार्यालयात भेटा आणि प्रश्न तयार लिहूनच द्या. संसदेत विचारलेल्या प्रश्नाला मंत्र्यांचं लेखी उत्तर येतं आणि ते कायम नोंदीत राहतं. माहिती अधिकारही आहे, 2014चा कायदा. अर्जाला फी नाही, निर्णय साधारण चार आठवड्यांत. मात्र "सगळी कागदपत्रं" मागू नका. "अमुक शाळेच्या जागेबाबत जानेवारी ते जूनमधला पत्रव्यवहार" असं मोजकं मागा.

परवानगीचा अर्ज कौन्सिलकडे दाखल झाला की पाच आठवड्यांत, 20 युरो भरून, कुणालाही म्हणणं मांडता येतं. वाहतुकीची तक्रार असणारे शेजारी हमखास लिहितात, खूश असलेले पालक मात्र घरी बसतात. तुम्ही पाठिंब्याचं पत्र जरूर लिहा, आणि त्यात मुलं चालत येतील की सायकलनं, हे स्पष्ट सांगा. आम्ही अकरा घरांनी लिहिलं. निकालानंतर चार आठवडे अपिलाची मुदत असते, तोवर कुणालाही तारीख सांगू नका.

हे सगळं मुख्याध्यापक आणि व्यवस्थापन मंडळाला विचारूनच करा. शाळेच्या वतीनं दोन वेगवेगळी पत्रं गेली, तर दोन्ही बाजूला पडतात. आणि प्रीफॅबची परवानगीही मुदतीची असू शकते. ती कधी संपते ते वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहा.

माझी मुलगी जूनमध्ये शाळेतून बाहेर पडेल. वही मी दुसरीतल्या एका मुलाच्या आईकडे दिली आहे. ईमेलचा पासवर्ड, टीडीच्या कार्यालयाचा नंबर आणि शेवटच्या पत्राची प्रत आतच ठेवली आहे. पुढचं पत्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायला हवं.