सीओपीडी असताना थायरॉईडची तपासणी: रक्त कधी द्यायचं, रिपोर्ट कसा वाचायचा

थकवा, धाप, धडधड, वजन उतरणं हे सीओपीडीतही (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) होतं आणि थायरॉईड बिघडल्यावरही. साल्ब्युटामॉलच्या पंपाने हात थरथरतात, थायरॉईड वाढल्यावरही (ग्रंथी जास्त काम करू लागली की) थरथरतात. म्हणून अंदाज नको, छातीच्या डॉक्टरांना विचारून टीएसएच (मेंदूकडून ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी कमी पडली की हे वाढतं) आणि फ्री टी४ (ग्रंथी स्वतः बनवते ते हार्मोन) करा. स्वस्त पॅकेजमधल्या टी३च्या (टी४पासून शरीरात बनणारं हार्मोन) आकड्यावर जाऊ नका, फुप्फुसाच्या रुग्णाला तोच सगळ्यात जास्त फसवतो.

खरी गोम तारखेत आहे. दिवाळीच्या धुराने छाती भरते, ठाण्यात किंवा वाशीत दाखल व्हावं लागतं आणि घरचे म्हणतात, ‘आलोच आहोत तर थायरॉईडही करून घेऊ.’ हे करू नका. आजार जोरात असताना शरीर टी४चं टी३ करणं कमी करतं. टी३ घसरतो, टीएसएच नॉर्मल किंवा जरा कमी दिसतो, पण ग्रंथी धडधाकट असते. त्यात छाती बिघडल्यावर साधारण ५ दिवस रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड दिलं जातं, आणि स्टेरॉईड स्वतःच टीएसएच दाबतं.

पुढचा फटका बरं होताना बसतो. तेव्हा टीएसएच काही दिवस उसळी मारतो, कधीकधी २०च्या आसपास जातो आणि आपोआप खाली येतो. नेमकं तेव्हाच रक्त दिलं तर निरोगी ग्रंथीच्या माणसाला नको असलेली थायरॉईडची गोळी कायमची चिकटते. तब्येत सावरून आणि स्टेरॉईडचा कोर्स संपून ६ ते ८ आठवडे जाऊ द्या. दिवाळीत दाखल झालेल्याने रक्त द्यायचं ते संक्रांतीच्या सुमारास.

अपवाद आहे. रुग्ण गुंगीत जातोय, अंग थंड आणि नाडी मंद आहे, रक्तातला कार्बन डायऑक्साइड का वाढतोय ते कळत नाही किंवा व्हेंटिलेटर सुटत नाही, तर डॉक्टर लगेच तपासणी करतील. तिथे आडकाठी करू नका.

रक्त सकाळी द्या, दर वेळी त्याच लॅबमध्ये. उपाशी राहायची गरज नाही. थायरॉईडची गोळी चालू असेल तर आधी रक्त, मग गोळी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर निदान २ दिवस आधी बंद, नाहीतर टीएसएच खोटा कमी येतो. अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांचं औषध) चालू असेल किंवा नुकताच डाय देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर ते डॉक्टरांना सांगा.

टीएसएच १०च्या वर आणि फ्री टी४ कमी असेल तर बहुधा कमतरता खरी. ४ ते १०च्या मध्ये आणि फ्री टी४ नॉर्मल असेल तर २–३ महिन्यांनी पुन्हा तपासा, गोळीची घाई नको.

गोळी लागलीच तर वयस्कर किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून चढवत नेतात. एकदम पूर्ण डोस दिला तर शरीराची ऑक्सिजनची मागणी वाढते आणि हृदयावर ताण येतो. गोळी उपाशीपोटी घ्या. स्टेरॉईडमुळे कॅल्शियम चालू असेल तर दोन्हींत ४ तासांचं अंतर ठेवा. थिओफायलिन (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) घेत असाल तर छातीच्या डॉक्टरांना कळवा, कारण थायरॉईड सुधारलं की ते शरीरातून लवकर बाहेर पडतं आणि डोस पुन्हा बघावा लागतो.

थायरॉईड वाढलेलं निघालं तर धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलं जातं. त्याने श्वासनळ्या आवळतात. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना सीओपीडी असल्याचं आधी सांगा आणि पंपाचं नावही दाखवा.