पहिल्याच पावसात वाट वाहून गेली? जंगलातल्या सायकल-वाटेच्या या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सायकलवाल्यांनी मुळशी खोऱ्यातली एक जुनी गुरवाट नीट करायला घेतली. गावाची संमती होती, वन खात्याची परवानगी होती, कुदळी-फावडी होती आणि उत्साह तर भरपूर होता. गुरवाटेची वळणं काढून टाकली, उतार सरळ केला, दगड वेचले. जूनअखेरीस जाऊन पाहिलं तर वाटेच्या जागी गुडघाभर खोल ओघळ पडला होता आणि सगळी माती खालच्या भाताच्या खाचरात जाऊन बसली होती. ज्याचं खाचर होतं त्याला आम्ही दोन दिवस घमेल्यांनी माती उपसून दिली. वाट करणं हे आधी पाण्याचं काम आहे, ते तेव्हा समजलं.

उताराच्या नाकासमोर उतरणारी वाट

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. पाणी ज्या दिशेने उतरतं त्याच दिशेने वाट उतरली, की पाऊस तिचा ओढा करतो. मग चाकांना दोष दिला जातो. चाकं वाट झिजवतात हे खरंच, पण पायांनी आणि खुरांनीही ती झिजते. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या वाटांवर पाणी मारून केलेल्या चाचण्यांचा अभ्यास 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाकांपेक्षा घोड्यांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी जास्त माती मोकळी झालेली दिसली. वाट टिकणार की नाही, हे तिच्या आखणीत ठरतं.

आखणीचा एक साधा नियम जगभरचे वाट बांधणारे पाळतात. वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नको. डोंगराचा उतार 16 टक्के असेल, म्हणजे 100 मीटर आडवं गेल्यावर 16 मीटर उंची वाढत असेल, तर वाटेचा चढ 8 टक्क्यांच्या आत हवा. डोंगर कितीही उभा असला तरी पूर्ण वाटेची सरासरी 10 टक्क्यांच्या आसपास ठेवायची. एवढं पाळलं की वरून आलेलं पाणी वाट ओलांडून पलीकडे निघून जातं.

मोजायचं कसं? आपल्याकडे याचं उत्तर गावातच आहे. पाणलोटाच्या कामात सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच उंचीवरून जाणारे चर खणताना तीन काठ्यांची ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराची चौकट) आणि ओळंबा वापरतात. ज्यांनी असे चर आखलेत, त्यांना समतल रेषा डोळ्यांनी दिसते. आमची दुसरी आखणी गावातल्या अशाच दोघांनी करून दिली. त्यांनी दाखवलेली रेषा जवळपास जुन्या गुरवाटेवरूनच गेली. आम्ही काढून टाकलेली वळणं गुरांनी पिढ्यान्‌पिढ्या उतार सांभाळत पाडली होती.

सपाट माळ सोपा वाटतो म्हणून तिथून वाट नेणं हीसुद्धा चूकच. तिथे पाण्याला जायला जागा नसते, वाट खचते आणि डबकं होतं. मंद का होईना, आडवा उतार शोधा.

वाटेला पन्हळ होऊ देणं

नवी वाट बाहेरच्या, म्हणजे दरीच्या बाजूला किंचित कललेली असावी. मीटरभर रुंदीला 5 सेंटीमीटर कल पुरतो. पण चाकांनी मधला भाग दबतो, सुटी माती बाहेरच्या कडेला साचते, आणि दोन हंगामांत वाटेची पन्हळ होते. ती कडेची माती दर वर्षी फावड्याने ओढून काढायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचंही हेच आहे.

पाणी अडवायला वाटेत आडवे ओंडके टाकू नका. त्यांच्या मागे एका पावसात गाळ भरतो, आणि ओल्या लाकडावरून चाक घसरतं. त्याऐवजी दर 10-15 मीटरवर उतरत्या वाटेला चार पावलं हलका चढ द्या. त्या खोलगट जागेतून पाणी आपोआप बाहेर पडतं, आणि सायकल चालवायलाही मजा येते.

ओघळ आधीच पडला असेल तर त्यात नुसती माती भरण्यात अर्थ नाही. पुढच्या पावसात ती जाणारच. वर जाऊन पाणी कुठून वाटेत शिरतं ते शोधा आणि तिथे त्याला बाहेर काढा. ओघळात थोड्या-थोड्या अंतरावर दगडांचे छोटे बांध घाला म्हणजे गाळ साचून तो भरत येईल. वाट शेजारून नव्याने, उताराला आडवी न्या. जुनी वाट वाळलेल्या काट्याकुट्यांनी पूर्ण झाका, विशेषतः वळणावरून दिसणारं तिचं तोंड. ते उघडं राहिलं की कोणीतरी तिकडूनच उतरतं.

चुकीच्या महिन्यात कुदळ

मे महिन्यात खणलेली माती भुसभुशीत असते. ती दबायच्या आतच पाऊस येतो. खणायचं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जमिनीत ओल असते आणि माती ठोकून बसते तेव्हा. उन्हाळ्यात फक्त पाण्याच्या जागा मोकळ्या करा. आणि पावसाळ्यात एकदा तरी छत्री घेऊन पूर्ण वाट चालत जा. पाणी कुठे थांबतं, कुठे वळतं, हे तेव्हा जितकं स्वच्छ दिसतं तितकं कोरड्या दिवसांत कधीच दिसत नाही.

भर पावसात सायकल मात्र घरी ठेवा. चाकाची खूण चरासारखी उमटत असेल, टायरला चिखल चिकटत असेल, तर तिथूनच परत फिरा. मुरमाड वाट लवकर सुकते, काळ्या मातीला बरेच दिवस लागतात. डबकं आलं तर त्याच्या बाजूने जाऊ नका. प्रत्येकाने वळसा घातला की हातभर वाट बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते आणि कडेची कारवी मरते.

वळणाआधी खड्डे का पडतात?

वेगात येऊन मागचा ब्रेक करकचून दाबला की चाक फरफटतं आणि तिथे लाटा उठतात. ‘हळू चालवा’ अशी पाटी लावून फरक पडलेला मी पाहिला नाही. वळणाच्या आधी छोटा चढ द्या किंवा दोन दगडांमधून अरुंद वाट काढा. वेग तिथेच कमी होतो.

याच वाटेवरून मोळ्या घेऊन बाया येतात, गुराखी येतात. डोक्यावर भारा असलेल्या माणसाला बाजूला व्हायला लावणं मला असह्य वाटतं. पायी माणूस किंवा गुरं दिसली की उतरून थांबा, चढणाऱ्या सायकलला उतरणाऱ्याने वाट द्या. आंधळ्या वळणावर तेवढीच झुडपं छाटा की पुढचा माणूस दिसेल. झाडं तोडू नका.

परवानगी नंतर घेऊ

हे चालत नाही. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं, झाडोरा साफ करणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे. अभयारण्यात प्रवेशालाच वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 ची बंधनं आहेत. नवी वाट काढण्याचा विचार तिथे सोडूनच द्या. इतर वनांत आधी वनरक्षकाला भेटा, मग वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा, आणि गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्या बैठकीत बसा. देवराई, पाणवठे, बिबट्याची येण्या-जाण्याची जागा कुठे आहे हे तिथेच कळतं. ती ठिकाणं नकाशावर आधी खुणा करून वगळा, मग ए-फ्रेम हातात घ्या. वाट वापरायची वेळही तिथेच ठरवून घ्या. आमच्या गावाने सूर्यास्ताच्या तासभर आधी सगळ्या सायकली खाली आल्या पाहिजेत असं ठरवलंय, आणि शेवटी उतरणारा वाटेच्या तोंडाशी काटेरी झाप लावून येतो.