उन्हाळी लागली म्हणून नुसतं धन्याचं पाणी पिऊन बसू नका

लघवीला गेलं की आग आग होते, दहा मिनिटांत परत जावंसं वाटतं, गेलं की चारच थेंब, आणि ओटीपोट दुखत राहतं. आपल्याकडं याला उन्हाळी लागली म्हणतात, मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, आणि चार दिवस वाट बघायची. परभणी-नांदेडच्या उन्हात पाणी कमी पडून लघवी गडद पिवळी होते आणि तेवढ्यानं पण जळजळ होते हे खरंय, ती पाणी पिलं की थांबते. पण दिवसभर भरपूर पाणी पिऊनही आग तशीच, लघवी गढूळ नाहीतर लालसर दिसतेय, तर ते बहुतेक लघवीचं इन्फेक्शन आहे आणि ते भर थंडीत पण होतं.

बहुतेक वेळा ई. कोलाय नावाचे जंतू असतात, आपल्याच आतड्यातले. बाईची मूत्रनळी जेमतेम 4 सेंटीमीटर, पुरुषाची 20 च्या आसपास, म्हणून आपल्या बायांच्यात ते लवकर मूत्राशयात पोचतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही बायांनो, शरीराची रचनाच तशी आहे.

आता तपासणीचं नीट वाचा, कारण मी इथंच चुकले होते. मेडिकलवरून न विचारता गोळ्या आणल्या, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद केल्या, आठ दिवसांनी परत तेच आणि या वेळी थंडी वाजून ताप. अँटीबायोटिक आधी घेतलं की कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू सापडतीलच असं नाही, म्हणून आधी लघवी द्या मग गोळी. लॅबमधून डबी घ्या, हात धुवा, जागा साध्या पाण्यानं धुवा, पहिली धार सोडून द्या आणि मधली डबीत धरा, डबीच्या आत बोट लावू नका. आणि गावाकडून घरूनच भरून आणू नका हो, दोन तास एसटीत उन्हात डबी राहिली की त्यात जंतू वाढतात आणि रिपोर्ट चुकतो, तिथंच जाऊन द्या. साध्या तपासणीत पस सेल्स म्हणजे पुवाच्या पेशी किती ते कळतं, कल्चरला दोन-तीन दिवस लागतात पण कोणतं औषध लागू पडेल ते त्यातच दिसतं. तोपर्यंत डॉक्टर एखादं औषध सुरू करतील, ते सांगितलं तेवढे दिवस पूर्ण घ्या. जळजळीचं जे सिरप मिळतं त्यानं फक्त आग कमी होते, जंतू मरत नाहीत.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला कळ, उलट्या, असं काही असलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं. पोटुशी बाईनं तर त्रास नसला तरी लघवी तपासून घ्यायची, आणि शुगर असलेल्यांनी पण अंगावर काढू नये. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर कारण शोधायला लावा. पाळी गेल्यावर परत परत होत असेल तर त्यासाठी आतून लावायचं हार्मोनचं क्रीम असतं, डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा.

परत होऊ नये म्हणून काय, तर पाणी. 2018 साली आलेल्या एका अभ्यासात, ज्या बायांना सारखं इन्फेक्शन व्हायचं आणि ज्या कमी पाणी प्यायच्या त्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी दिलं तर त्रास जवळपास निम्म्यावर आला. पण आपल्या बाया पाणी पीत नाहीत ते तहान नाही म्हणून नाही, जायला जागा नाही म्हणून. कापूस वेचायला सकाळी गेलेली बाई संध्याकाळी घरी येऊनच बसते, स्टँडवरचं बाथरूम बघून प्रवासात घोटभर पण पीत नाही, याचा मला लई राग येतो कारण हा दोष तिचा नाही. तरी जमेल तेवढं करा, वावरात दोघी-तिघी मिळून आडोशाला जा पण अडवून धरू नका, मुकादमाला मध्ये सुट्टी मागा. धुताना पुढून मागं धुवा, संबंधानंतर लघवीला जाऊन या, आत साबण नाहीतर जंतुनाशक घालू नका, त्यानं चांगले जंतू मरतात.

आणि पोरी शाळेत बाथरूम घाण म्हणून पाणीच पीत नाहीत, दप्तरातली बाटली भरलेलीच परत आली तर तिला रागवू नका, शाळेत जाऊन बाथरूम बघून या.