हॉटस्पॉटला फोन जोडला जातो, पण नेट येत नाही: माझा अनुभव

मंगळवार पेठेतल्या आमच्या खोलीवर केबलचं नेट थेट पीसीला लावलंय, राउटर नाही. विंडोज १० चा मोबाईल हॉटस्पॉट (पीसीचं नेट वाय-फायनं फोनला देणारी सोय) चालू केला की फोन जोडला जायचा, पण वाय-फायच्या खुणेवर उद्गारचिन्ह. पीसीवर नेट सुसाट. ड्रायव्हर टाकला, फायरवॉल बंद केला, पासवर्ड बदलला. दोन रात्री डोस्कं उठलं नुसतं.

दोष शेअरिंगमध्ये, म्हणजे पीसीचं नेट दुसऱ्याला वाटून देण्याच्या सेटिंगमध्ये होता. हॉटस्पॉट बंद केला. विंडोज आणि आर दाबून ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ (इंग्रजी अक्षरांत) टाकलं, की नेटवर्क जोडण्यांची यादी उघडली. इथरनेटवर (केबलच्या जोडणीवर) राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग. तिथं इतरांना नेट वापरू देण्याची टिक आधीच होती, पण व्हर्च्युअलबॉक्स (पीसीतच आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) याच्या जुन्या अडॅप्टरच्या, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या नावानं! टिक काढून ओके.

मग हॉटस्पॉट चालू केला. हे आधीच करायचं, कारण ‘लोकल एरिया कनेक्शन’ हे नावापुढे चांदणी (*) असलेलं हॉटस्पॉटचं अडॅप्टर त्यानंतरच जागं होतं. परत शेअरिंगमध्ये जाऊन टिक केली, खालच्या यादीत तेच चांदणीवालं निवडलं, ओके. त्या अडॅप्टरला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता दिला जाईल असं विचारलं, तर होय म्हणायचं.

फोनमधून नेटवर्क ‘विसरून’ पुन्हा जोडला. फोनचा पत्ता १९२.१६८.१३७ नं सुरू झाला आणि उद्गारचिन्ह गेलं.